बैलाचं शेपूट

एकनाथराव मूळचे गोदाकाठचे. शेती धाकट्या भावाच्या हवाली करून हैदराबादला आले, जामबागेत घर केलं, बेगम बाजारात डाळींचं दुकान थाटलं. शहराने त्यांचं धोतर सोडवलं, भाषेत उर्दू-तेलुगू कालवली, पण एक हेका काही सुटला नाही. पाण्यातलं मला कळतं! पट्टीचा पोहणाराच बुडतो, असं सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

गावाकडे पुरात नदी ओलांडायची तर बैलाचं शेपूट धरायचं. माणूस घाबरतो, जनावराला काठ बरोबर कळतो. ही विद्या त्यांनी आपल्या मुलाला, शिवराजला, सातव्या वर्षी नदीत उतरवून शिकवली होती.

शहाण्णव साल. शिवराजला एका नव्या परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि दारात पांढरी मारुती आली. घरात समुद्र कोणीच पाहिला नव्हता. तिकडे जायचं म्हटलं की आजवर अडायचं ते नवाबपाशी. नवाब म्हणजे गल्लीतून उचलून आणलेला तांबूस कुत्रा, नात रसिकाचा जीव की प्राण. नामपल्लीहून रेल्वेने जायचं तर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत कोंडावं लागणार, आणि रसिका म्हणायची, "मग मीपण पेटीतच बसते." गाडी आली आणि तोही प्रश्न मिटला. दसऱ्याच्या सुटीत सगळे निघाले.

किनाऱ्यावरच्या त्या गावात पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. शिवराज आणि त्याची बायको त्रिवेणी गाडीतून डबे काढत मागे राहिली. एकनाथराव नातीला आणि कुत्र्याला घेऊन पुढे गेले. समोर लाटा फुटत होत्या, पण एके ठिकाणी मात्र पाणी शांत. गल्लीएवढा पट्टा, ना फेस ना उसळी. एकनाथरावांना तो नदी ओलांडायच्या उतारासारखा वाटला. पोरीला आणि कुत्र्याला भिजवायला हीच जागा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

जाळं विणत बसलेला एक कोळी उठून जवळ आला. "अक्कड दिगकंडि, पेद्दायना," तो म्हणाला. तिकडं उतरू नका, बाबा. पुढे त्याने सांगितलं, की त्या शांत पट्ट्यातलं पाणी आत ओढून नेतं. बेगम बाजारात तीस वर्षं तेलुगू गिऱ्हाइकांना डाळ विकलेल्या माणसाला यातला शब्दन् शब्द कळला. रसिकाला कळला नाही. "काय म्हणतो तो?" तिने विचारलं.

"काही नाही गं. पाणी गार आहे म्हणतो." एवढं बोलून त्यांनी नवाबच्या गळ्यातली दोरी सोडली.

नवाब उड्या मारत पाण्यात शिरला. पाहता पाहता त्याचं डोकं लांब गेलं, मग आणखी लांब. रसिका गुडघाभर पाण्यात होती, तिला एकनाथरावांनी दंडाला धरून मागे खेचलं. तिची किंकाळी ऐकून शिवराज धावत आला आणि कपड्यांनिशी पाण्यात घुसला. ओढीनेच त्याला कुत्र्याजवळ नेऊन टाकलं. नवाब तोवर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं सोडून आडवा पोहत ओढीतून बाहेर निघायला लागला होता. शिवराज मात्र दमला, गटांगळ्या खाऊ लागला. एकनाथरावांची पाचावर धारण बसली आणि तोंडून तेच निघालं जे आयुष्यभर निघत आलं होतं.

"शेपूट धर! शिवा, शेपूट धर!"

शिवराजने धरलं. पण नवाब काही बैल नव्हता. सत्तर किलोच्या माणसाखाली पंधरा किलोचा जीव दोनदा वर आला, मग आला नाही. तो कोळी कमरेला दोर बांधून बाजूच्या लाटांतून आत गेला आणि त्याने शिवराजला ओढून काढलं. नवाब तासाभराने लाटांबरोबर आला. त्रिवेणीने त्याला आपल्या ओढणीत गुंडाळलं. माडांच्या बुंध्याशी खड्डा खणून त्याला पुरलं.

जामबागेत परतल्यावर शेजारीपाजारी जमले. "अण्णांनी ओरडून सांगितलं म्हणून मी वाचलो," शिवराज प्रत्येकाला सांगायचा. लोक एकनाथरावांकडे आदराने पाहायचे. डाळीचा व्यापारी मूग गिळून बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची असते म्हणतात. त्यांना ती मूठ छातीत रुतल्यासारखी वाटायची. रात्री जेवण जाईना, दुकानात वजन चुकायला लागलं. आपण खोटं बोललो याची त्यांना लाज वाटत होती, आणि सांगितलं तर हे घर आपल्याकडे पुन्हा कधी तसं पाहणार नाही, याची त्याहून जास्त भीती वाटत होती.

एके संध्याकाळी रसिका त्यांच्या खाटेवर येऊन बसली.

"आजोबा, पप्पांनी शेपूट नसतं धरलं, तर नवाब आला असता का बाहेर?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना ते जमलं नाही.

"आला असता," ते म्हणाले. "तो बाहेरच येत होता. आणि त्या माणसानं पाणी गार आहे असं म्हटलं नव्हतं, पोरी. उतरू नका म्हणाला होता. मला कळलं होतं."

"पप्पांना माहीत आहे?"

"नाही."

ती उठली आणि आत गेली. एकनाथराव बऱ्याच वेळाने उठले. शिवराज बाहेरच्या खोलीत ऑफिसचे कागद चाळत होता. ते त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. कोळ्याचे शब्द तेलुगूत जसेच्या तसे सांगितले. "तुझा जीव मी घालवत होतो, शिवा. कुत्र्याचा घालवला."

शिवराजने कागद बाजूला ठेवले. तो चिडला नाही, याचीच एकनाथरावांना धडकी भरली.

"माहीत आहे, अण्णा," तो म्हणाला. "वाळूवर पाणी ओकत होतो तेव्हाच त्या कोळ्यानं मला सांगितलं. म्हाताऱ्याला बोललो होतो, म्हणाला."

"मग तू लोकांना..."

"तुमची अब्रू का घालवू? पण रोज संध्याकाळी इथं बसतो ना, ते कागदांसाठी नाही. आज बोलतील, आज बोलतील, म्हणून बसत होतो."

एकनाथरावांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"एकवीस," शिवराज म्हणाला, आणि उठून त्याने त्यांना बसायला आपली खुर्ची दिली.