मैत्रीण बघायचा कार्यक्रम

लग्नासाठी मुलगी बघतात, तसा आमच्याकडे मैत्रीण बघायचा कार्यक्रम झाला. अगदी कांदेपोह्यांसकट. माझ्या पप्पांना अर्धवट काही जमतच नाही.

मी आठवीत असताना वर्गातला एक जण माझ्या जातीवरून घाण बोलला. पप्पांनी दुसऱ्याच दिवशी माझा दाखला काढला. कंधारच्या शाळेत त्यांनीही हेच सोसलं होतं, म्हणून त्यांचा राग मला कळतो. पण तेव्हापासून लातूरचं हे घर हीच माझी शाळा. शिकवायला पप्पा, पेपर तपासायला पप्पा, मधल्या सुट्टीत बोलायलाही पप्पाच. गेटला कुलूप आणि किल्ली त्यांच्या खिशात. आता मी सोळाची झाले आणि या घरात माझा जीव गुदमरतो.

बोलायला माणूस मिळावं म्हणून मी खिडकीतून भाजीवालीला रोज हाक मारायची. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुड्या साठल्या तेव्हा आईच्या लक्षात आलं. ती शेजारच्या हॉस्टेलमधून पुनमला घेऊन आली.

पुनम अर्धापूरची, इथं क्लासला आलेली. येताना घरच्या बागेतली केळी घेऊन आली.

"दहावीला किती?" पप्पांनी विचारलं.

"ब्याण्णव टक्के, काका."

"काका नको, सर म्हण. मोबाईल किती वेळ बघतीस?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी पोह्यांतले शेंगदाणे वेचत होते आणि मनात म्हणत होते, बाई, पास हो. एवढ्या वेळेला पास हो.

पप्पा प्रश्नपत्रिका आणायला आत गेले. तेवढ्यात पुनम कुजबुजली, "तुला पाणीपुरी आवडती का?"

"लई," मी म्हणाले. तोवर ते परत आले. आमच्या गप्पा झाल्या त्या एवढ्याच.

पुनमने गणित माझ्याआधी सोडवलं. पप्पा खूश. "दर रविवारी चारला ये. तासभर टेस्ट, मग दहा मिनिटं बोला. मी हाय इथंच."

पुढच्या रविवारी मी वेणी दोनदा घातली. पोहे गार झाले. शेवटी आई हॉस्टेलवर जाऊन आली आणि चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"न्हाई येणार म्हणली."

पप्पांचा चेहरा उतरला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत ते म्हणाले, "कळलं. आडनाव ऐकलं असंल कुणाकडून तरी."

"आडनाव तिनं विचारलंच न्हाई," आई म्हणाली. "टक्के तुम्ही विचारले. ती म्हणली, मला मैत्रीण पाहिजे होती मावशी, सर क्लासला हायेतच."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पप्पा बिचारे वाईट नाहीत, हेच तर अवघड आहे.

"बरं, दुसरी बघू," ते म्हणाले. "हॉस्टेलात पोरी काय कमी हायेत?"

"मग त्या वेळेला तुम्ही आत बसा, पप्पा."

"एकटाच? आत बसून काय करू मी?"

"मी काय करते रोज?"

ते उठले, आत गेले आणि माझ्या अभ्यासाच्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसले. मी गेटपर्यंत गेले. कुलूप होतं, आणि किल्ली त्यांच्याच खिशात होती.