खुर्चीतून आलेलं उत्तर

कुंभकोणमला भेटल्यावर तमिळमध्ये विचारतात, "साप्टाच्चा?" जेवण झालं का? उपाशी माणूससुद्धा म्हणतो, "आच्चु." झालं. त्यात खोटेपणा नसतो. समोरच्यावर आपल्या भुकेचा भार कशाला, एवढीच रीत.

पट्टीश्वरमच्या मीनाक्षीबाई या रीतीपायीच गेल्या. मागच्या कार्तिकात मान धरली म्हणून इस्पितळाच्या अॅक्युपंक्चर विभागात आल्या. हाडांच्या विभागातून शिकायला आलेल्या निवासी डॉक्टरनं विचारलं, त्या "आच्चु" म्हणाल्या, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून त्यानं मानेत सुया घातल्या. कार्तिकी सोमवारचं व्रत होतं. आदल्या रात्रीपासून बाईंनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. रिकाम्या पोटी सुयांनी घेरी आली, डोकं फरशीवर आपटलं. पुन्हा शुद्ध आलीच नाही.

सुया शिकवणाऱ्या वरलक्ष्मीला तेव्हापासून एकाच प्रश्नाची दोन उत्तरं ऐकू येत. एक रोग्याचं. त्यामागून दुसरं, रिकाम्या खुर्चीतलं, थकलेलं, "आच्चु." बड्या डॉक्टरांनी बजावलं होतं, शिकणाऱ्या मुलांना काही सांगू नका, भितील, सुया कुठे घालायच्या ते बिंदू शिकवा, सुईची खोली शिकवा. ती शिकवत राहिली, मनात स्तोत्र म्हणत राहिली. खुर्ची तिनं अडगळीत टाकली, तर बसायला कमी पडतं म्हणून कुणीतरी परत आणून ठेवली.

यंदाच्या कार्तिकी सोमवारी भूल विभागातून शिकायला आलेल्या श्रीकरची पाळी होती. मरुदानल्लूरच्या तुळसीबाई खांदा दाबत आल्या आणि नेमक्या त्याच खुर्चीत बसल्या.

"साप्टाच्चा, आजी?"

"आच्चु."

श्रीकरनं सुई उचलली. वरलक्ष्मी तुळसीबाईंच्या तोंडाकडे बघत होती. ओठ हलले नव्हते. आणि मागून दुसरं उत्तर आलं नाही.

"थांब!" तिचा एवढा आवाज मुलांनी कधी ऐकला नव्हता. "उत्तर कोणी दिलं?"

"आजींनीच की, मॅडम. तुमच्यासमोर."

"मी कोठें बोललें रे?" तुळसीबाई घरच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाल्या. "बोलणार, तोंच ह्या ओरडल्या."

"काय म्हणणार होतात?"

"आच्चु. आणखी काय म्हणतात?"

"आणि जेवलात?"

"सोमवारीं? दिवे लागल्यावर जेवीन. एवढें कळेना होय डॉक्टरणीस?"

श्रीकरनं सुई खाली ठेवली. "आमच्याकडे भूल देताना पोट रिकामं असलं की आम्ही खूश," तो हसायला गेला, पण हसू फुटलं नाही. "मग मॅडम, मी ऐकलं ते..."

वरलक्ष्मीनं तुळसीबाईंना हात धरून खुर्चीतून उठवलं, उद्या जेवून या म्हणून सांगितलं, आणि दार लावून मुलांना मीनाक्षीबाईंची हकिकत सांगितली. सगळी. बडे डॉक्टर रागावले तर रागावोत.

"आता 'जेवण झालं का' विचारायचं नाही. काय खाल्लंत, कधी खाल्लंत, आज व्रत कोणतं, हे विचारायचं. बिंदू त्यानंतर. आणि पहिल्यांदाच सुया घेणाऱ्याला आडवं निजवायचं."

मुलं गेली. मघाशी हकिकत ऐकताना त्यांच्यापैकी कोणीही खुर्चीकडे पाठ केली नव्हती, हे तिच्या लक्षात आलं होतं.

ती स्वतःही उपाशीच होती. खुर्चीपुढे जाऊन तिनं हळूच विचारलं, "मीनाक्षीबाई, आज काय खाल्लंत?"

नीट ऐकू यावं म्हणून तिनं पंखा बंद केला.

"कांहीं नाहीं गे," खुर्ची म्हणाली. "माझा सोमवार आहे."