चौदा नंबरचा मास्तर

काचेच्या पेटीत माझी जुनी रोजवही उघडून ठेवली होती आणि तिच्याभोवती पांढऱ्या गणवेशातल्या पोरी गोळा झाल्या होत्या. नर्सिंग स्कूलला पन्नास वर्षं झाली म्हणे. मला गाडी पाठवून आणलं, गळ्यात मानाच्या केंटे कापडाचा पट्टा घातला, पहिल्या रांगेत बसवलं. या देशातल्या मनोरुग्णांच्या नर्सिंगचा इतिहास म्हणजे आमचे ओडोई आजोबा, असं प्राचार्यबाई माइकवर म्हणाल्या. इतिहास कसला डोंबलाचा.

आमच्या वेळी नर्स नव्हतेच. आम्ही वेड्यांच्या इस्पितळातले रखवालदार. खाकी चड्डी, पट्ट्याला किल्ल्या आणि नव्वद पेशंटांना दोघं जण. कोण जेवला, कोणी दंगा केला, ते शुक्रवारी गोऱ्या डॉक्टरला तोंडी सांगायचं. स्वातंत्र्यानंतर हुकूम निघाला. यापुढे रोजवही लिहायची, तीही इंग्रजीत, आणि फेब्रुवारीत परीक्षा. पास होईल तो नर्स, नापास होईल त्यानं घरी जायचं. मला स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं. घरी आई, बायको, तीन लेकरं, आणि कमावणारा मी एकटा.

चौदा नंबरच्या पलंगावर तेव्हा अग्बेको मास्तर होता. केटा गावच्या शाळेतला. पहिलं मूल गेलं तेव्हा त्याचं डोकं फिरलं, भर बाजारात कपडे काढून पळाला, पोलिसांनी आमच्याकडे आणून सोडला. सहा महिन्यांत माणूस खडखडीत बरा झाला होता.

“ओडोई, लेका, नव्वद वेडे सांभाळतोस आणि पेन बघून घाम फुटतो होय तुला?” तो एकदा म्हणाला.

“मग शिकवा की. शहाणे झालात ना आता?”

“झालोय. तेवढं तुझ्या डॉक्टरला सांग म्हणजे झालं.”

आणि खरंच शिकवायला लागला. दुपारी मक्याच्या पिठाचे केंके आणि मासळी खाऊन झाली की स्वयंपाकघरातला कोळसा घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून लिहीत, मोठ्यानं बोलत उभा राहायचा. मी मागे बादली पालथी घालून बसायचो. बारा नंबरचा म्हातारा माझ्याआधी उत्तरं द्यायचा, त्याचा मला राग यायचा. शेवटी मास्तर माझी रोजवही मागून घ्यायचा आणि तपासायचा.

आता नियम असा होता, की तीन शुक्रवार वही साफ असली, म्हणजे पेशंटची तक्रार नसली, तर डॉक्टर सुटीचा कागद द्यायचा. मास्तरला नाताळानंतर शाळेत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. त्याची बायको एसिनाम माहेरी होती. शाळा उघडेपर्यंत आला तर जावई, नाहीतर वेडा, असं तिच्या बापानं कळवलं होतं. हे मास्तरनं मला दहा वेळा सांगितलेलं. दोन शुक्रवार साफ गेले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. हा गेला तर मला शिकवणार कोण?

वही उघडली आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला न विचारता लिहिलं. ‘पलंग चौदा. रोज भिंतीशी बोलतो. घरी सोडू नये.’

खोटं नव्हतं बरं का. बोलायचाच तो भिंतीशी. असला हलकटपणा करायला अक्षरओळख लागते, ती मला त्यानंच करून दिली होती.

शुक्रवारी डॉक्टरनं पान वाचलं आणि पुढच्या पलंगाकडे गेला. दुपारी मास्तरनं नेहमीसारखी वही मागितली. मी दिली. काय करणार होतो? त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं.

“वाक्यं बरोबर आहेत,” तो म्हणाला. “एकही चूक नाही.”

मग त्यानं कोळसा उचलला. फेब्रुवारीपर्यंत रोज शिकवलं. मी पहिला आलो.

त्यानंतर मी पानंच्या पानं लिहिली, की हा माणूस बरा आहे. मार्चमध्ये सुटीचा कागद निघालाही. पण पेशंटला न्यायला घरचं माणूस लागायचं, आणि केटाहून कोणी आलं नाही. जागा गेली होती, एसिनामचं दुसरं लग्न झालं होतं. मास्तर अकरा वर्षं त्याच पलंगावर राहिला. पुढेपुढे खरोखरच भिंतीशी बोलायला लागला, कोळसा न घेता. त्याचा नर्स मीच. त्याला आंघोळ मीच घालायचो, शेवटचीही मीच घातली.

आता एक पोरगी पेटीवर वाकून माझं तेच पान मोठ्यानं वाचत होती. आपल्या माणसाच्या हातच्या पहिल्या नोंदींपैकी एक, असं खाली छापलं होतं. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या.

“मग या पेशंटचं पुढं काय झालं, आजोबा?” तिनं विचारलं.

“तो बरा होता,” मी म्हणालो. “मला परीक्षा पास व्हायची होती, म्हणून मी त्याला अडकवून ठेवला.”

मग प्राचार्यबाई हसल्या. “आजोबांना थट्टेची भारी सवय,” त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले.

पोरीनं आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. ‘उपचारांनी पेशंट पूर्ण बरा झाला.’

“बरोबर आहे ना, आजोबा?”

अक्षर सुरेख होतं तिचं.

“एकही चूक नाही,” मी म्हणालो.