उंबऱ्यावरचे बूट

व्लायकोच्या वकिलाने आवाज चढवला. "बाई, माझे अशील अख्ख्या खोऱ्याचे सेनापती. मुख्यालय सोडून ते कुठे गेलेच नाहीत. आणि तुमच्या घरात शिरलेल्याचं तोंड तर झाकलेलं होतं म्हणता. मग ओळखलंत कसं?"

हास्नियाने समोर बसलेल्या व्लायकोकडे पाहिलं. मेल्याच्या अंगावर सूट मात्र झकास होता.

"त्याने बूट काढले," ती म्हणाली.

हेगच्या त्या युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयात हे कोणाच्या डोक्यात शिरेना. पण बोस्नियात शेजाऱ्याच्या घरात बुटांनिशी कोण शिरतं? त्या सकाळी बाकीचे तोंडं झाकलेले चिखलाच्या बुटांनीच घुसले होते. शेजारच्या म्हाताऱ्या मुयोचा त्यांनी अंगणात गळा चिरला, त्याच्या सुनेला केसांना धरून फरफटत नेलं. त्यांचा म्होरक्या मात्र हास्नियाच्या दारात वाकला, सवयीने बूट काढले आणि आत आला. लढाईआधी वर्षानुवर्षं कॉफीला यायचा, तसाच.

"बूट तर तुमच्याकडे सगळेच काढतात, बाई."

"काढतात ना. पण ह्याच्या डाव्या मोज्याचं टोक रिकामं लोंबत होतं. करवतीखाली ह्याच्या पायाची बोटं गेली, तेव्हा माझ्या नवऱ्यानेच ह्याला पाठीवर घेऊन डोंगर उतरवला होता."

हास्नियाला इथेच थांबता आलं असतं. पुढचं तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण त्यात नवऱ्याची, एथेमची चूक दिसायची. पण हा सुटला तर? तिने सांगून टाकलं. तो पाय पाहून एथेमचा जीव भांड्यात पडला होता. "भिऊ नकोस गं झुम्रा," तो लेकीला म्हणाला, "हा तर आपला व्लायको!" नाव निघालं आणि गोळी त्याच्या तोंडात घुसली. दुसरी झुम्राच्या पोटात. तिसरीने हास्नियाचा खांदा फोडला. मेली समजून तो निघून गेला. पोर अंधार पडेपर्यंत पाणी मागत होती.

व्लायको ताडकन उठला. "वहिनी, एथेम गप्प बसला असता तर मी मागे फिरलो असतो!"

वकिलाने कपाळावर हात मारून घेतला. हेच हास्निया इतकी वर्षं एथेमच्या कबरीला सुनावत आली होती, रडत, शिव्या देत. आज ते ह्याच्या तोंडून ऐकलं आणि तिचं डोकं सणकलं.

"बूट दारात ठेवलेस," ती म्हणाली, "मग बंदूक का रे आत आणलीस?"