वळचणीची माती

डोंगरातल्या आपल्या जुन्या गावी, लार्बेसात पोचल्यावर ओरोसियाने आधी छप्पर पाहिलं. चर्चवर नवी दगडी कौलं चढली होती, जुन्यांसारखीच करडी, एकावर एक बसवलेली. तिने सुस्कारा सोडला आणि मुलीचा, नीवेसचा, हात सोडून ती एकटीच उत्तरेच्या भिंतीकडे निघाली.

ओढ्यातले दगड वाहून पूर्वजांनी बांधलेलं ते गोल कमानींचं चर्च. वेदीमागची भिंत अर्धगोल, खिडक्या हाताएवढ्या. आठशे वर्षं लार्बेसाची लग्नं आणि मयतं तिथंच झाली. मग सरकारने डोंगरावर पाइन लावले, कुरणं गेली, घरामागून घर कुलूप लावून खाली वेस्का, सारागोसासारख्या शहरांत उतरलं. घंटा गेली, फरशा चोरीला गेल्या, मेंढ्या आत बसू लागल्या आणि एका हिवाळ्यात बर्फाने छप्पर खाली आणलं.

डागडुजीसाठी पैसे गोळा केले नीवेसने. पण गाव सोडून गेलेल्या म्हाताऱ्यांच्या मागे लागली ती ओरोसिया. वेदीचं राहू दे, चित्रांचं राहू दे, पहिलं छप्पर घाला, असं तिने प्रत्येकाला बजावलं होतं. म्हातारीला चर्चचा केवढा लळा, असं लोक म्हणत.

लळा छपराचा नव्हता, पागोळ्यांचा होता. तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं, सुईणीला डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घालायलाही सवड मिळाली नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून पाद्री मोसेन ब्लासने दफनभूमीचं दार उघडलं नाही. तेव्हा सासूने जुन्या बायकांची रीत केली. पोर शालीखाली नेलं आणि चर्चच्या उत्तरेच्या वळचणीखाली पुरलं. देवाच्या छपरावरून उतरलेलं पाणी अंगावर पडत राहील, मोसेनने केलं नाही ते पाऊस करील, असं ती म्हणाली होती. पुढे सासू गेली, नवराही गेला. नीवेसला कुणी काही सांगितलं नव्हतं. छप्पर कोसळल्यापासून पागोळ्या थांबल्या होत्या, आणि ओरोसियाची झोप गेली होती.

ती भिंतीचा कोपरा वळली आणि थांबली.

वळचणीखालची माती नव्हती. भिंतीच्या टोकापासून टोकापर्यंत खोल चर खणलेला, त्यात पांढरी खडी भरलेली. वर छपराच्या कडेला चकचकीत पन्हळ, तिचा नळ थेट ओढ्याकडे.

गवंडी फेर्मीन फावडं घेऊन आला. खालच्याच गावचा, बोलघेवडा. ओल म्हणजे भिंतीचा क्षयरोग, आता अजून आठशे वर्षं काळजी नको, असं काय काय तो सांगत राहिला. तिला एकही शब्द धड ऐकू आला नाही.

"फेर्मीन, इथली माती कुठंय?"

"आत टाकली, मावशी. वेदीपुढची जमीन खचली होती ना. बाहेरून ट्रक कोण आणणार या चढावर? तुमचा जावई?"

"मातीत काही निघालं?"

"निघणार काय! कोकराची हाडं, बोटाएवढी. मेंढ्या होत्या ना इथं. गेली मातीबरोबरच."

ती आत कशी आली ते तिलाही कळलं नाही. वेदीपुढे माती ठोकून सपाट केलेली, फरशा भिंतीला टेकवून ठेवलेल्या. ती जमिनीवर बसली आणि दोन्ही तळवे मातीवर टेकले. मोसेनने ज्याला फाटकातून आत घेतलं नाही, त्याला फेर्मीनने घमेल्यात घालून वेदीपुढे आणून ठेवलं होतं. आणि इतक्या वर्षांनी त्याला जागचं हलवलं होतं ते तिच्याच हट्टाने.

नीवेस धावत आली. "आई, या वयात धुळीत काय बसतेस? सगळ्या स्कर्टचा सत्यानाश."

"हळू बोल. तुझा भाऊ आहे इथं."

नीवेस हसायला गेली आणि आईचा चेहरा बघून थांबली. मग ओरोसियाने सगळं सांगितलं, मातीकडे बघत, एका दमात. मागोमाग आलेला फेर्मीन दारातच थबकला होता. हातातलं फावडं कुठं ठेवावं हे त्याला समजेना.

नीवेसने विचारलं, "नाव काय त्याचं?"

"पाणी घालतो तो नाव ठेवतो," ओरोसिया म्हणाली. "पावसानं काय ठेवलं, मला कसं कळणार?"

नीवेस तिच्या शेजारी धुळीत बसली. फरशा त्या दिवशी बसल्या नाहीत.