नळगंगेच्या पाण्यातल्या होड्या

मित्रांनो, मलकापूरच्या एका शाळेतला मी पितळी सूक्ष्मदर्शक. आता फार थकलो आहे, तरी सांगतो.

महाराष्ट्र राज्य नवे होते तेव्हा निवृत्ती गुरुजी मला खिडकीत मांडत. नळगंगा नदीतल्या दगडांवरचा तपकिरी, बुळबुळीत थर ते काचपट्टीवर घेत. माझ्या आरशाने ऊन वर पाठवले की त्या थरातले डायाटम चमकू लागत. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे ते काचेच्या कवचाचे जीव! गुरुजी त्यांची शास्त्रीय नावे अशी घेत, जणू घरी आलेले पाहुणेच.

एका हिवाळ्यात मात्र ते मला सारखे पुसू लागले. पुसत, पाहत, पुन्हा पुसत. शेवटी वैतागून म्हणाले, "याच्या काचा गेल्या. मोडीतच काढावं लागते आता याले."

माझी भिंगे स्वच्छ होती. पण ते त्यांना कोण सांगणार?

मला न्यायला माणूस यायचा होता, त्या दिवशी आठवीतली कोकिळा म्हणाली, "गुरुजी, एक डाव मले पाहू द्या."

तिने डोळा लावला. "मले तं साफ दिसून राह्यलं, गुरुजी!"

"काय दिसते?"

"होडी हाये लहानशी. दोन्ही टोकं निमुळती, मधात सरळ रेघ."

गुरुजींनी हातातले पुसायचे फडके खाली ठेवले. मग हळूच म्हणाले, "नॅव्हिक्युला."

"अन् बाजूले संत्र्याच्या फोडीवानी?"

"सिंबेला." ते बाकावर बसले. "काचा याच्या नाही गेल्या, पोरी. डोळे माहे गेले."

त्यानंतर कोकिळा पाहून सांगायची आणि गुरुजी नाव घ्यायचे. तिचे वर्णन चुकले की दोघे हसायचे. औषध झाले, पण दृष्टी काही परतली नाही. नोकरीच्या शेवटच्या दिवशी गुरुजींनी माझी नळी चाचपली आणि डोळा टेकवला.

"काही दिसते का, गुरुजी?" कोकिळेने विचारले.

"उजेड दिसते," ते म्हणाले. "लय झालं."

पुढे मला कपाटात ठेवले गेले. कुलूप गंजले, ओलीने माझ्या भिंगांवर बुरशी धरली. कोणी विचारत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला बाहेर काढा, मऊ कापडाने पुसा, उन्हाकडे तोंड करून ठेवा. आणि जे दिसेल ते मोठ्याने सांगा. शेजारी कोणीतरी ते ऐकायला थांबलेले असते.