आण्णांची अर्धीच गोष्ट

ती क्लिप हर्षदानं डेअरीवर दूध घालताना कुणाच्या तरी फोनवर ऐकली. आवाज तिच्या सासऱ्यांचा, आण्णांचा. “याकूब मिस्त्रीनं हिरीवरची मोटार दुरुस्तीला नेली. आठ दिस पाणी न्हाई. कांदा वाळला.” त्यापुढं कुणा अनोळखी माणसाचा गोड आवाज : “तुमच्या गावात असे किती याकूब आहेत? आम्ही काही म्हणत नाही. तुम्हीच विचार करा.”

घरी येऊन तिनं आण्णांचा फोन घेतला. ‘मातीची लेकरं’ नावाचा ग्रुप. सुरुवातीचे दोन महिने नुसती गुरांची औषधं, कांद्याचे भाव आणि “आण्णा, गुडघा कसा आहे?” मग “सहज एक प्रश्न.” मग कुठल्या कुठल्या गावांतल्या दंगलींचे फोटो. आणि शेवटी, “आण्णा, तुमचा अनुभव तुमच्याच आवाजात सांगा ना.”

“आगं, म्या पुढं बोललो हुतो,” आण्णा कळवळले. “मोटारीत भरायची तार मिळंना म्हणून उशीर झाला. नवव्या दिशी मिस्त्रीनं सोताची मोटार आणून बसवली. ते कुठं गेलं?”

“कापलं त्यांनी.”

‘मी आण्णांची सून’ असं सांगून तिनं आण्णांच्या फोनवरून ग्रुपात सगळं खरं लिहिलं. उत्तर लगेच आलं, “ताई, तुमचा राग समजतो. पण प्रश्न विचारणं हा गुन्हा आहे का?” खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा नवा प्रश्न. तिसऱ्यांदा लिहिलं, तर आण्णांना ग्रुपातून काढलं.

दोघं शिरूरला याकूबच्या दुकानात गेले. “तुमच्यावर राग न्हाई, आण्णा,” तो मान खाली घालून म्हणाला. “पर दोन गावांनी दुरुस्तीला टाकलेल्या मोटारी परत नेल्या.”

परत आल्यावर खरं काय ते सांगायला आण्णा गावात दारोदार निघाले. हर्षदा सोबत होती. पहिल्या तीन घरांत लोक “व्हय का?” म्हणाले आणि पावसापाण्याचं बोलू लागले. चौथं घर सोपानरावांचं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“आण्णा, तुम्ही भिडस्त माणूस. मिस्त्रीनं दम दिला आसंल, म्हणून आता शब्द फिरवताय.”

“आरं, तवाचा आवाज माझा, तसा आत्ताचा बी माझाच हाय की!” आण्णा ओरडले. “त्यो खरा आन् ह्यो खोटा?”

“बघा, किती घाबरलाय तुम्ही,” सोपानराव मायेनं म्हणाले आणि चहा पुढं केला.

हर्षदाच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. कपाला हात न लावता ती उठली. “चला आण्णा,” ती म्हणाली, आणि दोघं शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले.